लंकाकाकूने लेकाबद्दल दिलेली उत्तरं

आमच्या आडगावच्या शिवारात लंकाकाकूइतकी झेंडूची तारीफ करणारं दुसरं माणूस नव्हतं. पहाटे तोडलेली फुलं घेऊन ती नाशिकच्या फुलबाजारात बसायची आणि तिचा आवाज पार गल्लीच्या वळणापर्यंत जायचा. "हात लावून बघ बाई, दव नाय सुकलं अजून. दसरा होऊन जाईल, पण हा उतरायचा नाय." गिऱ्हाईक पुढे निघून गेलं तरी त्याच्या पाठीला ती फुलांचे गुण ऐकवत राही. तिच्या मागेच तिचा एकुलता एक मुलगा, भिकन, फुलं तोलून पिशवीत टाकत उभा असे. त्याच्याबद्दल कोणी चार शब्द बरे बोललं की काकूचं तोंड वाकडं व्हायचं. "हा? हा निस्ता खायला काळ नि भुईला भार. याला फुलं तोडायला सांगितली तर झाडं तोडून ठेवील."

भिकन हसायचा आणि पुढची पिशवी भरायचा. मला मात्र राग यायचा. मी मुळातच रागीट, त्यात नव्याने शिकलेली, त्यामुळे मला जगातल्या निम्म्या माणसांचा राग यायचा. लंकाकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची, नाथाकाकांची बायको. आमची दोन घरं एकाच मळ्यात, मधे एक सामाईक विहीर. भिकन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याला मिळालेली प्रत्येक शिवी आमच्या ओसरीवर स्पष्ट ऐकू यायची.

शिव्यांमागचं कारण अख्ख्या शिवाराला ठाऊक होतं. भिकनच्या आधी काकूची तीन लेकरं गेली होती. एक तापाने, एक जन्मतःच, आणि तिसरा चांगला धावता-बोलता झाल्यावर. तो तिसरा फार देखणा होता म्हणे. काकू त्याला नटवून लग्नाकार्यात न्यायची, "बघा माझा राजा" म्हणून दाखवायची. तो गेला तेव्हा बायांनी तिला तोंडावर सांगितलं, तूच मिरवलंस, तूच दृष्ट लावलीस. असं बोलणाऱ्या बायांना काय म्हणावं ते मला आजही कळत नाही.

मग भिकन झाला. त्याला जुनेर घालून सुपात ठेवला आणि सूप उकिरड्यापाशी नेऊन टेकवलं. ठरल्याप्रमाणे शेजारच्या सिंधुबाईने तो उचलून आपल्या घरी नेला. काकू ओल्या अंगाने तिच्या दारात गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "भीक घाल माय." सिंधुबाईने पोर पदरात टाकलं. म्हणून नाव भिकन. हे मूल आपलं नाही, टाकलेलं आहे, कोणाला हेवा वाटावा असं त्याच्यात काही नाही, असं नियतीला पटवून द्यायचं असतं. बाकीच्या आया मूल पाच-सात वर्षांचं झालं की हे नाटक सोडून देतात. लंकाकाकूने सोडलं नाही. तीन वेळा पोळलेली बाई, ती कशाला सोडेल.

आता असा विचार करा, की ज्या पोराला जन्मापासून रोज सांगितलं जातं की तू कुचकामी आहेस, त्याचं काय होईल. एक तर ते आईच्या नाकावर टिच्चून मवाली होईल, नाही तर भिकन होईल. भिकनसारखं काम आमच्याकडे कोणी करत नसे. विहिरीतली मोटर बिघडली की लोक त्यालाच हाक मारत. एकदा पौषातल्या थंडीत आमच्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह अडकला, तर हा पठ्ठ्या विहिरीत बुडी मारून तो काढून वर आला. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते, आणि वर येऊन त्याने पहिलं काय विचारलं, तर "चुकलं का काय?" हे त्याचं कायमचं वाक्य. पाणी भरून दिलं, चुकलं का काय. सायकलची साखळी बसवून दिली, चुकलं का काय. माझी आई म्हणायची, "अरे बाबा, छान झालंय." तेव्हा तो तिच्या तोंडाकडे असा बघायचा, की ही आपली चेष्टा तर करत नाही ना.

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. घरच्यांना वाटलं, मी वेड्यांची डॉक्टर होणार. पुस्तकात स्वभावाच्या पाच बाजू दिल्या होत्या. माणूस नव्या गोष्टींना किती सामोरा जातो, हातातलं काम किती नेटाने करतो, चारचौघांत किती रमतो, दुसऱ्याशी किती जुळवून घेतो आणि मनातून किती घाबरतो. या पाचांचं माप काढलं की माणूस कळला. हा स्वभाव येतो कुठून, तर साधारण निम्मा रक्तातून आणि उरलेला घडत्या वयात, असं आमचे सर सांगत. निम्म्याची गोष्ट आली की मला भिकन आठवायचा. नेटाने काम करणं हे त्याच्या आईचंच रक्त, त्यात शंका नव्हती. आणि ती मनातली भीती, तीही आईनेच दिलेली, फक्त दुसऱ्या वाटेने.

शहाण्णव साली भिकनचं आयटीआय पुरं झालं, फिटरचं. शहराच्या पलीकडे, अंबडला एक नवा कारखाना उभा राहत होता आणि त्यांना मुलं हवी होती. मालकांच्या डोक्यात नवं खूळ होतं. नुसती हाताची परीक्षा नको, स्वभावही तपासायचा. त्यासाठी पुण्याहून प्रतिभा मॅडम नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. आमच्या सरांच्या ओळखीच्या, म्हणून मला त्यांच्याबरोबर हिंडायला मिळालं. त्यांची पद्धत अशी होती, की उमेदवाराने स्वतःबद्दल एक पेपर लिहायचा आणि तेच प्रश्न त्याच्या घरच्या माणसाला जाऊन विचारायचे. प्रत्येक वाक्यापुढे पाच पर्याय. अगदी खरं, बरंचसं खरं, सांगता येत नाही, फारसं खरं नाही, मुळीच खरं नाही.

मॅडम हुशार होत्या. त्यांनी मला सांगितलं, की लोक नोकरीसाठी स्वतःची स्तुती करतात, ती पकडायला प्रश्नांमध्ये काही फासे लावलेले असतात. 'मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही' या वाक्यावर 'अगदी खरं' अशी खूण केली, की समजायचं गडी थापा मारतोय. भिकन कुठल्याच फाशात सापडला नाही. त्याने स्वतःला सगळीकडे कमीच देऊन ठेवलं होतं. 'मी भरवशाचा माणूस आहे' या वाक्यापुढे त्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग 'फारसं खरं नाही' वर खूण केली. फुशारकी पकडायचे सगळे सापळे त्या पेपरात होते. आईचंच ऐकत वाढलेल्या मुलासाठी मात्र एकही नव्हता.

मग आम्ही मळ्यात आलो. काकूने मॅडमना खाटेवर बसवलं, चहा दिला, शेवंतीचा गजरा दिला, शेवंतीचं कौतुक केलं. मॅडमनी कागद काढला. "तुमचा मुलगा हातात घेतलेलं काम पुरं करतो. हे कितपत खरं आहे?"

"काम?" काकू म्हणाली. "बाई, काम त्याला पाहून पळून जातं."

"अडचणीच्या वेळी तो डोकं शांत ठेवतो?"

"डोकं असलं तर ठेवील ना."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूने माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प बसले. भिकन ओसरीच्या टोकाला फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. शेवटच्या प्रश्नापर्यंत काकूने एकदाही पोराला वर येऊ दिलं नाही.

उठताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, की दोन्ही कागद एकसारखेच वाईट आले, आता यादीत नाव बसणं कठीण आहे. त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला माझ्याबरोबर नाथाकाका आले. नाथाकाका म्हणजे दिवसातून दहा शब्द बोलणारा माणूस. पण त्या दिवशी बांधावर उभं राहून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. सूप, उकिरडा, गेलेली तीन लेकरं. "ती खोटं बोलती बाई. चांगलं बोललं तर जाईल, असं वाटतं तिला." मॅडमनी हातातले दोन्ही कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, मी गुरुवारी पुन्हा येते, तेव्हा त्यांना खरं तेच सांगायला सांगा.

काकूला सांगणार कोण, हा प्रश्न होता. नाथाकाका दहा शब्द संपवून बसले होते. सांगितलं शेवटी भिकननेच. सकाळी तोडा चालू होता, मी पण मदतीला होते. झेंडूच्या ओळीत खाली वाकूनच तो म्हणाला, "आई, गुरुवारी त्या बाई येतील. एकदा चांगलं बोल ना."

"कशाला? नोकरी करून काय दिवे लावणार?"

"नोकरी लागंल." मग थोडं थांबून म्हणाला, "अन् मला पण ऐकायचंय."

काकूचा हात फुलावर तसाच राहिला. मी तिचं तोंड पाहिलं आणि त्या क्षणी मला तिचा राग आला नाही. पोराला जन्मात एकदा हवं असलेलं काहीतरी तिच्याजवळ होतं, आणि ते दिलं तर पोर हातचं जाईल अशी तिची खात्री होती. कुठल्या आईने काय करावं अशा वेळी.

गुरुवारी मॅडम आल्या. काकूने आधी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं, मग येऊन खाली जमिनीवर बसली. भिकन आपल्या जागी ओसरीच्या टोकाला. मॅडमनी पहिला प्रश्न पुन्हा वाचला. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अगदी खरं." आवाज इतका बारीक, की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्या प्रश्नाला अगदी खरं. तिसऱ्याला अगदी खरं. मग काय झालं कोण जाणे, बांध फुटल्यासारखी बाई बोलायला लागली. पर्याय राहिले बाजूला. "बाई, पंचक्रोशीत असं पोरगं नाय. दुसऱ्याच्या पाइपासाठी विहिरीत उतरला हा, माझा जीव वर टांगणीला. याच्याशी मी कधी चांगलं बोलले नाय, तरी यानं उलटून शबूद काढला नाय. मी आजारी होते तर माझं डोकं चेपत बसला, रात्र रात्र. देवानं तीन नेले अन् तिघांचं मिळून एकाला दिलं."

मॅडमनी लिहिणं थांबवलं होतं. मी ओसरीकडे पाहिलं. भिकनच्या मांडीवर पंप होता आणि हात नुसते त्यावर ठेवलेले होते. तो मान खाली घालून बसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते, लहान पोराचे होतात तसे. इतका सुखी मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता.

मॅडम गेल्या आणि तासाभरात काकूच्या चुलीतून मिरच्यांचा धूर निघायला लागला. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, मूठभर ओवाळून विस्तवात टाकत होती आणि पुटपुटत होती. आम्हाला इकडे ठसका लागला. माझी आई हसली, म्हणाली, एकवीस वर्षांची दृष्ट एकदम काढतेय बिचारी.

भिकनला नोकरी लागली. निळा गणवेश मिळाला, एक जुनी लुना घेतली. आता त्याच्या तोंडून "चुकलं का काय" ऐकू येणार नाही, असं मला वाटलं होतं. पण ते चालूच राहिलं. मी तेव्हा शहाण्यासारखं मनात म्हटलं, स्वभाव काय असा एका दिवसात बदलतो होय, पुस्तकात लिहिलंच आहे. काकूही पूर्वपदावर आली. त्याच्या डब्यात भाकरी बांधताना त्याला आळशी म्हणायची, लुनाला आरती ओवाळताना त्याला आंधळा म्हणायची.

आडगावहून अंबडला जायचं तर नाशिकच्या द्वारका चौकावरून जावं लागतं. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी, सकाळच्या पाळीला जाताना, द्वारकेच्या चौकात मालट्रकने त्याला उडवलं. जागीच गेला. नाथाकाकांना बोलवायला माणूस आला तेव्हा काकू बाजारात होती. तिला तिथे कोणी सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. ती फुलं तिथेच टाकून चालत निघाली होती आणि द्वारकेपर्यंत चालत आली, एवढं मला माहीत आहे.

त्यानंतरची दहा वर्षं मी लंकाकाकूचं मोठ्याने बोलणं ऐकलं नाही. फुलबाजारात ती बसायची, पण ओरडायची नाही. गिऱ्हाईकाने विचारलं, फुलं ताजी आहेत का, तर म्हणायची, "बघा तुम्ही." पाऊस चांगला झाला म्हणायची नाही, भाकरी चांगली झाली म्हणायची नाही. माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, साई. त्याला घेऊन मी माहेरी आले तर काकूने मान फिरवली आणि घरात निघून गेली. मी चिडले. आईने समजावलं, अगं तिला तोंडातून चांगलं निघायची भीती वाटते.

दोन हजार सातच्या दसऱ्याआधी मी पुन्हा माहेरी होते. तोवर मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, दर वर्षी पोरांना त्याच पाच बाजू सांगत होते. नाथाकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू एकटीच ओसरीत माळा ओवत बसली होती. मी ठरवून गेले. म्हटलं, एवढं शिकून एका म्हातारीच्या डोक्यातलं ओझं उतरवता येत नसेल तर शिकलो कशाला.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या बोलण्याने भिकन गेला नाही. दृष्टबिष्ट काही नसतं. ट्रकवाल्याची चूक होती."

ती ओवत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "अगं मंजे, मी चांगलं बोलले म्हणून नोकरी लागली ना?"

"हो, पण…"

"नोकरी लागली म्हणून द्वारकेवरून जायला लागला ना?"

त्यात दृष्ट नव्हती, अंधश्रद्धा नव्हती. सरळ हिशोब होता, आणि तो चुकीचा आहे असं मला सिद्ध करता येईना. मी एवढंच म्हटलं, "पण काकू, त्याने ऐकलं तरी. एकदा का होईना, आई आपल्याला काय समजते ते त्याला कळलं. मी त्याचं तोंड पाहिलं होतं त्या दिवशी."

तेव्हा तिने सुई खाली ठेवली.

"कळलं कुठं," काकू म्हणाली. "त्या बाई गेल्यावर माझ्या मागं मागं चुलीपाशी आला. मी मिरच्या काढत होते. म्हणला, आई, तू बोलली ते खरं व्हतं, का नोकरीसाठी बोलली? माझा तर जीव उडून गेला व्हता. एवढं बोलून बसले, आता याचं काय व्हईल. म्हटलं, निदान हे तरी मागं घेऊ."

मी तिच्या जवळ सरकले.

"मी म्हटलं, नोकरीसाठीच रे. तुझ्यात काय हाय एवढं, खरं बोलायला?" काकूने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "हसला तो. म्हणला, मला वाटलंच व्हतं. मग माझ्या हातातलं मीठ घेतलं अन् मला ओवाळायला सोपं जावं म्हणून खाली बसला. तेच खरं धरून गेला गं माझा भिकन. त्याच्या आईला तो आवडत नव्हता, असं समजून गेला."